पाटावरचा लॅपटॉप

मी मुळात तापट. आई म्हणायची, हिच्या डोक्यावर भाकरी थापली तर भाजून निघंल. आणि तापट माणसाच्या हातून जे काही होतं ते घाईतच होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना 'अगं, असं कसं केलंस' म्हणून कुणी विचारायला नको. केलं. त्याचंच तर सांगतेय.

खंडेनवमीचा दिवस होता. पोरीला नवऱ्यावर सोपवलं नि उत्रोलीच्या घरून भोरच्या स्टँडवर आले, तर नसरापूरकडे जाणारी एसटी डोळ्यांदेखत निघून गेली. पुढची पाऊण तासानं. नसरापूरला उतरून वेल्ह्याची गाडी धरायची होती, तिचंही गणित बिघडलं. पर्समध्ये एक पेनड्राइव्ह होता. तो आहे का नाही ते मी दर पाच मिनिटांनी चाचपत होते. बाकावर शेजारी बसलेल्या बाईला वाटलं माझं पाकीट मारलं, तिनं घाबरून आपलीही पिशवी चाचपली.

मला एवढी घाई कसली होती ते सांगते. भोरच्या कॉलेजात मी कॉम्प्युटरची पदवी घेतली ती मोठ्या हौसेनं. मग लग्न झालं, पोरगी झाली, भाताच्या लावण्या-कापण्या झाल्या, म्हशी झाल्या. सहा वर्षं कीबोर्डला हात नाही. पोरगी अंगणवाडीत जायला लागली तशी पुण्यातल्या एका कंपनीच्या घरबसल्या कामासाठी अर्ज टाकला. नवऱ्याला तेवढं सांगितलं, बाकी कुणाला नाही. झालं नाही तर चारचौघांत हसं नको. कंपनीकडून परीक्षा आली. एक प्रोग्रॅम लिहायचा, तो चालवून बघायचा आणि दसऱ्याच्या संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचा. कंपनीला कसला आलाय दसरा! सहाला पेपर आपोआप मिटणार, मग रडा नाहीतर भेका. आणि अट अशी, की सगळं काम लिनक्सवर करायचं.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज होतं. मशीनच्या आतला कारभार बघणारी ती एक व्यवस्था. लिनक्स ही दुसरी. दोन्ही एकाच लॅपटॉपवर ठेवता येतात. आतल्या जागेचे दोन भाग पाडायचे, एकात एक बिऱ्हाड, दुसऱ्यात दुसरं. चालू करताना मशीन आपल्याला विचारतं, आज कुणाकडे जायचं? कॉलेजात असताना मी हे दहा वेळा केलं होतं. डोळे झाकून केलं असतं. अडचण एकच, लॅपटॉप माझ्याजवळ नव्हता. तो दादांकडे होता.

दादा म्हणजे माझे वडील. वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या अंगाला, गुरं-शेरडं राखणाऱ्यांची आमची सात घरांची वस्ती आहे. दादांचा सगळा जन्म शेरडांमागं गेला. गुडघे गेले तशी शेरडं विकली, चार ठेवली. मग रिकामा माणूस करणार काय? एकदा गडावर आलेल्या एका टोळक्यानं त्यांना मोबाईलवरचा नकाशा दाखवला. त्यात आमच्या पाणवठ्याला कुणीतरी भलतंच नाव देऊन ठेवलेलं. दादांचं पित्त खवळलं. माझा तापटपणा कुठून आला ते कळलंच असेल. "आमच्या बापजाद्यांनी ठिवलेली नावं काय मेली व्हय?" म्हणाले, आणि मी लग्नात मागं ठेवून गेलेला लॅपटॉप काढून दुसऱ्या दिवसापासून एका बोटानं टाईप करायला बसले. डोंगरावरचं एकेक टेपाड, खिंड, झरा, धोंडा, दुपारी शेरडं बसायची सावली. त्याचं नाव, आणि ते नाव का पडलं.

कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर मीच चिकटवून दिले होते. दीड वर्ष त्यांचं ते चाललं होतं. वर रेंजच्या धोंड्यावरून त्यांचा फोन आला की मी विचारायचे, "आज किती झाली?" ते म्हणायचे, "पाचशे नव्वद." मी "वा वा" म्हणायचे आणि पोरीचं नाक पुसायला वळायचे. खरं सांगते, त्या यादीत काय आहे ते मी एकदाही उघडून वाचलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा मी त्यांना समजावलं होतं. म्हटलं, "दादा, मशीनमधल्या जागेची वाटणी करायचीय."

"कुणाकुणात?"

"तुमच्यात नि माझ्यात."

दादा हसले. "मग रीतीनं हू दे. वाटं करील त्यानं मागनं उचलायचं. तू वाटं कर, म्या आदी उचलतो."

आमच्याकडे जमिनीची वाटणी अशीच होते. जो वाटे पाडतो त्याला शेवटी उरलेलं घ्यावं लागतं, म्हणून त्याच्या मनात खोट येत नाही. मग दादा म्हणाले, "माजं लिवलेलं ऱ्हाईल न्हवं?"

"राहील हो दादा. केसाला धक्का लागणार नाही."

असं मी बोलले होते.

घरी पोचायला दीड वाजला. चपला काढायच्या आधीच म्हटलं, "लॅपटॉप कुठंय?" आईनं नुसतं बोट दाखवलं.

देवापुढं पाट मांडला होता. पाटावर कोयता, कुऱ्हाड, खुरपं, आईचा विळा, दादांची घुंगरं बांधलेली काठी, सगळं धुऊनपुसून लख्ख. आणि मधोमध माझा लॅपटॉप. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, अक्षता, वर झेंडूचं एक टपोरं फूल. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. मला दरदरून घाम फुटला.

खंडेनवमीला पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. ज्याच्यावर हात चालतो त्याला वर्षातनं एक दिवस विसावा. दसऱ्याच्या सकाळी पूजा उचलायची, आणि ज्याचं हत्यार त्यानंच ते पहिल्यांदा उचलायचं. आमच्या घरात ही रीत मोडलेली मला आठवत नाही. एकदा खंडेनवमीलाच गोठ्यावर फांदी पडली होती. दादांनी कुऱ्हाडीला हात लावला नाही, ती फांदी हातांनी ओढून बाजूला केली. तळहाताची सालं निघाली होती त्यांच्या.

"आई, हे काय हत्यार आहे होय?"

"तुज्या बापाचं हायच. दीड वरीस त्येच चालवत्यात."

"मला आत्ता पाहिजे. उद्या सहाच्या आत काम पाठवायचंय."

"मग उद्या सकाळी घे. कोण न्हाई म्हणतंय?"

"उद्या वेळ पुरायचा नाही गं!"

"मग काल यायचं हुतंस."

कालचा आणि परवाचा दिवस मी भोरमध्ये ओळखीपाळखीच्यांकडे मशीन मागत फिरण्यात घालवला होता. आपल्या मशीनवर असले उद्योग कोण करू देतंय? मी दादांकडे बघितलं. ते म्हणाले, "निजू दे गं आजच्या दिस त्याला. उद्या दिस उगवायला काडून देतो."

सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत बारा तास मिळत होते. बसवायला दोन, कामाला आठ, आणि पाठवायला वर रेंजच्या धोंड्यापर्यंत जायचं, कारण वस्तीवर मोबाईलला रेंज नाही. शांत डोक्यानं बघितलं असतं तर सगळं बसत होतं. पण शांत डोकं आणायचं कुठून? सहा वर्षांनी आपला हात चालेल का, हीच धास्ती. ताटात भात चिवडत बसले. आई म्हणाली, "गिळ की चार घास. उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग!"

दुपारी दोघं देवीच्या देवळात निघाले. आईनं विचारलं, "येतीस का?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय."

वळणापलीकडे आईचा पदर दिसेनासा होईपर्यंत मी दारात उभी राहिले. मग आत आले आणि फूल उचललं. तिशीला टेकलेली, एका लेकराची आई असलेली बाई, आणि स्वतःच्या माहेरात चोरासारखी.

लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झाली होती, वायर काढली की दहा मिनिटांत मान टाकायची. वायर लावली, पेनड्राइव्ह खोचला, त्यात लिनक्स भरून आणलं होतं, त्यावरून मशीन चालू केलं. आता इथं एक गोष्ट करायची असते. पुढं जायच्या आधी जुन्या बिऱ्हाडात शिरून महत्त्वाचं सामान बाहेर काढून ठेवायचं. दादांची यादी म्हणजे एकच फाईल, पेनड्राइव्हवर उतरवायला क्षणभर लागला असता. पण त्यासाठी विंडोजचा भाग उघडून फाईल शोधायची, आणि त्या रखडत्या मशीनवर त्याला पाच-सहा मिनिटं लागली असती. कॉलेजात सरांनी शंभरदा बजावलं होतं, आधी प्रत काढा, मग हात घाला. मी म्हटलं, दहा वेळा केलंय, एकदाही बिघडलं नाही. आणि पाच मिनिटं वाचवली.

पडद्यावर आलं, विंडोजच्या शेजारी बसवायचं का? हो. कुणाला किती जागा? मधली रेघ मी सरकवली, निम्मं-निम्मं केलं. दादांना आधी उचलू द्यायचं होतं, ते राहिलंच. वाटे मी पाडले आणि उचललेही मीच.

जागा आवळायला सुरुवात झाली. एक पट्टी असते, ती भरत भरत पुढं सरकते. ती काही सरकेना. मी ओट्यावर गेले, आत आले, पाणी प्यायले, पुन्हा ओट्यावर. शेरडांनी माझ्याकडे बघितलं. आत येऊन पट्टी बघितली. निम्म्याला पोचली होती. 'चल गं बाई, चल लवकर,' मी तिला हात जोडले. तेवढ्यात बाहेर घुंगरं वाजली.

दादांची घुंगराची काठी पाटावर होती, म्हणजे हे घुंगरू शेरडाच्या गळ्यातलं. शेरडं उठून उभी राहिली होती, म्हणजे ओळखीचं कुणी येत होतं. निम्म्या वाटेत दादांचा गुडघा धरला आणि दोघं माघारी फिरली होती.

शहाण्या लेकीनं काय केलं असतं? म्हणाली असती, आई, मी रीत मोडली, बोल काय बोलायचं ते. आई चार शब्द बोलली असती, आणि तोवर ती पट्टी बिचारी पुढं सरकत राहिली असती. मी वायर उपटली. पेनड्राइव्ह काढून कमरेला खोचला, झाकण मिटलं, लॅपटॉप पाटावर ठेवला, फूल वर ठेवलं आणि चुलीपुढं जाऊन बसले. चालू काम मध्येच तोडलं की काय होतं ते वस्तीवर फक्त मला ठाऊक होतं, आणि ते मीच केलं. आईच्या बोलण्याच्या भीतीनं.

आई आत आली. पाटाकडे बघितलं. "फूल कुणी हालवलं गं?"

"मांजरानं हलवलं असेल."

आईनं मांजराकडे बघितलं. ते उंबऱ्यावर पाय ताणून झोपलं होतं.

त्यानंतरची संध्याकाळ मला वैऱ्यालाही द्यायची नाही. दादा गुडघ्याला तेल चोळत नेमके त्या पाटाशेजारीच भिंतीला टेकून बसले. उठायचं नाव नाही. झाकण उघडून बघावं तर समोर ते. सांगावं तर जीभ उचलेना. आणि दादांना त्या दिवशी बोलायचा हुरूप आला होता.

"सहाशे बारा झाली," म्हणाले. "शेवटचं तर लई अवगड गावलं. उलट्या खिंडीच्या खाली झरा हाय बघ, त्याचं नाव आमच्यात कुणालाच म्हाईत नव्हतं. पल्याडच्या वस्तीवर येक म्हातारी हुती, तिला ठावं हुतं. तीनदा गेलो तिच्याकडं. तिसऱ्या खेपंला तिला आठवलं. म्होरल्या महिन्यात वारली बिचारी."

"काय नाव?" मी विचारलं.

दादांनी कपाळाला बोट लावलं, मान हलवली. "लई जुन्या बोलीतलं हाय, तोंडात बसत न्हाई. उद्या वाचून दावतो. लिवलंय न्हवं, आता इसरलं तरी चालतंय."

मी उठले आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. मग शेरडांना पाणी दाखवलं. मग अंगण झाडलं. आई म्हणाली, "दिवेलागणीला केर काडतीस व्हय? बूड टेकव की जरा कुठंतरी." मी टेकवलं आणि परत उठले. अंगाखाली मुंग्या आल्यासारखं होत होतं. डोक्यात एकच घोकणं, पट्टी निम्म्याला होती, निम्म्याला होती. कधी वाटायचं, काही झालं नसेल. कधी वाटायचं, सगळं गेलं. डोळा लागला नाही.

दसऱ्याच्या सकाळी आईनं दिवा लावला, दादांनी पाटाला हात जोडले. आधी काठी उचलली, ती कपाळाला लावली. मग लॅपटॉप उचलला, तोही कपाळाला लावला आणि मांडीवर घेऊन, कोरं वस्त्र उलगडावं तसं हळूच झाकण उघडलं. वायर मी लावून दिली. बटण त्यांनी दाबलं.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांची एक ओळ आली आणि तिथंच थांबली.

"काय म्हणतंय?" दादांनी विचारलं.

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. पाटावरून उचललेलं, वायर उपटलेलं, सगळं. सांगताना रडले. आई देवापुढून न वळता म्हणाली, "मांजर व्हय गं?" दादा झाकणावरचं वाळलेलं कुंकू बोटानं पुसत राहिले.

मी लॅपटॉप घेतला आणि पेनड्राइव्हवरून चालू केला. विंडोजचा भाग दिसत होता, पण उघडत नव्हता. ठाऊक होते ते सगळे उपाय केले. आठ वाजले. पेनड्राइव्हवरूनच परीक्षेचं काम भागतंय का तेही बघितलं, पण मशीन धापा टाकायला लागलं आणि बंद पडलं.

आता जे सांगतेय ते मी आजवर लिहून काय, बोलूनही एका माणसाखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. असा मोडलेला भाग म्हणजे पुसलेला भाग नव्हे. आतलं सामान तिथंच असतं, फक्त दार सापडत नाही. त्यावर दुसरं काही लिहिलं नाही आणि लॅपटॉप तसाच्या तसा पुण्यात जाणकाराकडे नेला, तर पुष्कळदा सगळं परत निघतं. सरांनी शिकवलेलं मला चांगलं आठवत होतं. पण पुण्याला न्यायचं म्हणजे आजचा दिवस गेला. आज सणाचं कोण उघडं असणार? आणि सहाला माझा पेपर मिटणार. दहा तास हातात होते, एकच मशीन, आणि सहा वर्षांनी आलेली एकच संधी. पुन्हा कुणी विचारलं असतं का मला? म्हशीच्या शेणातनं हात काढून किती बायांना असं बोलावणं येतं?

"ऱ्हायलं का काय माजं?" दादांनी विचारलं.

मी पडद्याकडे बघत म्हटलं, "गेलं, दादा."

दादांनी दाराकडे बघितलं. बाहेर शेरडू ओरडत होतं, त्याला कुणी सोडलं नव्हतं. मग म्हणाले, "म्हंजे आता समदी जागा तुजीच?"

"हो."

"मग घाल तुजं. यळ घालवू नगंस. माज्यापुरता येक कोपरा दे त्यात, म्हंजे झालं."

मशीननं विचारलं, सगळं पुसून बसवायचं का? पुन्हा एकदा विचारलं, नक्की का? ते बिचारं दोनदा विचारतं. मी दोन्हीदा 'हो' म्हटलं.

हात चालला. मला वाटलं होतं बोटं विसरली असतील, पण पहिला तास गेल्यावर ती आपोआप पळायला लागली. आईनं पुरणपोळी आणून ठेवली, ती थंड झाली, तिनं ती उचलून गरम करून आणली. साडेपाचला प्रोग्रॅम चालला. वायर काढली आणि दहा मिनिटांची बॅटरी छातीशी धरून मी रेंजच्या धोंड्याकडे पळत सुटले. पाठोपाठ आई, माझी चप्पल हातात घेऊन. मी अनवाणीच निघाले होते. धोंड्यावर चढले, मोबाईलचं नेट जोडलं, पाठवलं. पोचल्याचं उत्तर आलं, आणि मिनिटभरात पडदा विझला. आई खाली दम खात उभी होती. तिनं माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली. "घे सोनं. आता तरी थांब," म्हणाली. मी तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडले. तिला वाटलं, पोरगी आनंदानं रडतेय.

काम मिळालं. आजही तेच करते, उत्रोलीच्या घरातून, खिडकीखालच्या टेबलावर. पुढं कंपनीनं दुसरा लॅपटॉप दिला, तेव्हा जुना मी दादांना परत केला. त्याच्यावर लिनक्सच्या शेजारी पुन्हा विंडोज बसवून दिलं. या खेपेला दोन दिवस घेतले, प्रती काढल्या त्या तीन ठिकाणी. निम्मं-निम्मं करून दादांना विचारलं, "आधी तुम्ही उचला." आता चालू केलं की ते विचारतं, कुणाकडे? दादा लिनक्सच निवडतात. म्हणतात, "तुज्यात ऱ्हायाची सवय झाली."

यादी त्यांनी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या लिनक्सच्या एका कोपऱ्यात पुन्हा एकपासून सुरू केली होती, लॅपटॉप उत्रोलीला गेल्यावर वहीत. सहाशे बारा काही झाली नाहीत. आठवतील तेवढी लिहिली, मग म्हणाले, बाकीची पायाला आठवतील, डोक्याला न्हाई. म्हणून गेली दोन वर्षं सुट्टीला गेले की मी त्यांच्याबरोबर डोंगरात जाते. ते काठी टेकत पुढं, मी मोबाईलवर लिहीत मागं. आता मला दुधाचा धोंडा ठाऊक आहे, तिथं वाट चुकलेलं करडू परक्या शेळीला प्यायलं होतं. ओझंटेक ठाऊक आहे, तिथं मोळीवाल्या बाया डोईवरचं ओझं टेकवून दम खातात. दादांनी आता रेंजच्या धोंड्यालाही आकडा दिलाय, आणि तिथं 'लेक अनवाणी पळाली' असं लिहायला लावलंय.

गेल्या शिमग्याला आम्ही उलट्या खिंडीच्या खाली उतरलो. झरा बारीक झाला होता, पण होता. दादा काठीवर हनुवटी ठेवून उभे राहिले. ओठ हलत होते. एकदा म्हणाले, "ग-नं चालू व्हतंय." मग म्हणाले, "न्हाई, ग न्हवं." ती म्हातारी जाऊन तीन वर्षं झालेली. विचारायचं कुणाला? दादा तसेच उभे, ओठ हलवत, आणि मला ते बघवेना. माझ्या तोंडातून निघून गेलं.

"दादा, त्या दिवशी ते निघालं असतं. पुण्याला नेलं असतं तर कदाचित सगळं परत मिळालं असतं. मला ठाऊक होतं. मी गेलं म्हणून सांगितलं."

दादांनी माझ्याकडे बघितलं नाही. खाली वाकायला गुडघा देत नव्हता तरी वाकले, ओंजळ भरून पाणी प्यायले, ओल्या हातानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "तवाच सांगाया पायजे हुतंस."

"चुकलं, दादा."

"म्या 'घाल तुजं' असंच म्हणलो असतो. तुज्या कामाम्होरं नावं काय मोठी? पर मग म्या दिलं असं झालं असतं. आता तू घेतलंस, असं झालं."

ते चिडले असते तर मी सोसलं असतं. ते चिडले नाहीत. काठी उचलली, मोबाईलकडे मान करून म्हणाले, "लिव. च्यारशे अकरा." मी आकडा लिहिला आणि नावासाठी थांबले. "फुडं मोकळं ठेव," म्हणाले आणि चढणीला लागले. मी ती ओळ तशीच मोकळी ठेवली आणि त्यांच्या मागनं निघाले.